दार कोणाच्या वाट्याला?

प्रिय ताई,

या वर्षी, २०२१ मध्ये, कोरोनामुळे दुसऱ्यांदा लॉकडाऊन लागला तेव्हा वाटलं होतं, आता सवय झालीय, या वेळी जड जाणार नाही. झालं उलटंच. मी एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे, नवरा सॉफ्टवेअरमध्ये. दोघांचंही काम घरून. मुलगी आठ वर्षांची, तिची शाळा ऑनलाइन. सासूबाई आमच्याकडेच असतात. घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढंच. नवऱ्याचे क्लायंटबरोबर कॉल असतात म्हणून तो आतल्या खोलीत दार लावून बसतो. मी बाहेर जेवणाच्या टेबलावर बसते, म्हणजे मुलीकडेही लक्ष राहतं.

सकाळी आठला लॅपटॉप उघडते तो रात्री अकरा-साडेअकराला मिटते, तोही पलंगावर बसून. तरी काम उरतंच. दिवसभर काय केलंस असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. आज बुधवार की गुरुवार, हेही कधीकधी आठवत नाही. कितीदा वेळापत्रक केलं, रंगीत पेनांनी लिहून भिंतीला लावलं, दोन दिवसांच्या वर एकही टिकलं नाही. धाकटे दीर फॅमिली ग्रुपवर रोज काहीतरी टाकतात. परवा न्यूटनची गोष्ट टाकली, प्लेगमुळे घरी बसला आणि गुरुत्वाकर्षण शोधून काढलं. इथे माझं महिन्याचं क्लोजिंग, म्हणजे महिन्याचे हिशेब पुरे करून बंद करणं, वेळेत होत नाहीये.

सासूबाईंचा टीव्ही सकाळपासून सुरू. आकडे, ॲम्ब्युलन्स, पुन्हा आकडे. मी मुलीवर ओरडते आणि रात्री ती झोपली की रडते. वर असंही वाटतं, मला रडायचा हक्क तरी काय? नोकरी शाबूत आहे, घरातले सगळे धडधाकट आहेत. लोकांनी आपली माणसं गमावलीत. माझ्यात शिस्तच नाही का? काय करू?

— एक वाचक

*

प्रिय मैत्रीण,

शिस्तीचं आधी निकालात काढू. सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत जी बाई कामाला धरून असते, तिच्यात शिस्त नाही असं म्हणणं मला तरी जमणार नाही. तुमच्या पत्रात मी अडले ती वेगळ्याच ठिकाणी. ‘मी बाहेर जेवणाच्या टेबलावर बसते, म्हणजे मुलीकडेही लक्ष राहतं.’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि पुढे गेलात. मला ते सगळ्या पत्राचं मूळ वाटतं.

तुमच्या घरात एकच असं दार आहे जे लावून घेता येतं, आणि ते नवऱ्याच्या वाट्याला गेलंय. तुमच्या वाट्याला सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचं टेबल आलंय. वर्गाची लिंक उघडत नाही, चार्जर सापडत नाही, बेल वाजली, रिमोट चालेना, हे सगळं तुमच्यापाशी येणार, कारण तिकडे दार बंद आहे. हे कुणी दुष्टपणे ठरवलं असेल असं मला वाटत नाही. बहुतेक पहिल्या लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात घाईघाईत जो जिथे बसला, तो तिथेच राहिला. पण परिणाम असा की तुम्ही दोन नोकऱ्या करताय. एक अकाउंट्समधली आणि दुसरी घराच्या चौकशी खिडकीवरची. पगारपत्रकावर पहिलीच दिसते.

ही एकट्या तुमच्या घरची गोष्ट नाही. मागच्या वर्षी, २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज ही आर्थिक संशोधन संस्था आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन यांच्या अभ्यासकांनी इंग्लंडमधल्या आईवडिलांना त्यांच्या दिवसाचा तासातासाचा हिशेब विचारला होता. नोकरीच्या कामाच्या तासांपैकी ४७ टक्के तासांत आया त्याच वेळी दुसरंही काही करत होत्या, आणि ते दुसरं बहुतेक वेळा मुलांचंच होतं. वडिलांच्या बाबतीत हा आकडा ३० टक्के निघाला. तुम्ही हिशेबातल्या आहात, या दोन आकड्यांतलं अंतर रोज आठ तासांच्या कामात कुठे जाऊन बसतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमची वेळापत्रकं का टिकली नाहीत ते बघू. ‘दहा ते बारा, क्लोजिंग’ असं लिहिताना आपण धरून चालतो की हे दोन तास सलग मिळणार. टेबलावर ते कधीच सलग मिळत नाहीत. दोन खात्यांचा मेळ घालताना कुणी मध्येच हाक मारली की आकडा निसटतो, आणि परत आल्यावर वरून पुन्हा सुरुवात करावी लागते. पाच मिनिटांचा व्यत्यय पाच मिनिटांत कधी संपतो? म्हणून डोक्याचं काम आपोआप रात्रीवर सरकतं, कारण घर शांत होतं ते तेव्हाच. वेळापत्रक काढून टाका. रंगीत पेनं मुलीला द्या.

त्याऐवजी दाराची वाटणी करा. दार माणसाच्या नावावर न ठेवता तासांच्या नावावर ठेवायचं. रोज निदान अडीच तास तुम्ही आत आणि तो बाहेर.

हे बोलायला बसण्याआधी एक काम करा. दोन दिवस एक कागद टेबलावर ठेवा आणि जो कोणी तुमच्याकडे काही मागायला, विचारायला, दाखवायला येईल त्याच्या नावाने एक रेघ मारा. त्याच दोन दिवसांत नवऱ्याचं दार किती वेळा वाजलं, तेही लिहा. मग कागद मध्ये ठेवून बोला. वेळ नीट निवडा. रात्री अकराला नको, भांडणाच्या पोटात तर नकोच, सुट्टीच्या दिवशी सकाळी बरं. ‘तू काहीच करत नाहीस’ असं म्हणालात की पुढचा अर्धा तास तो काय काय करतो याची यादी ऐकण्यात जाईल. कदाचित ती यादी खरीही असेल. त्यापेक्षा असं म्हणा: ‘माझं क्लोजिंग रात्रीवर जातंय आणि मला ते झेपत नाहीये. दिवसातले अडीच तास मला दार हवंय. तेवढा वेळ बाहेरचं सगळं तू बघ. कोणते अडीच तास द्यायचे, ते तुझं कॅलेंडर बघून ठरवू.’

तो म्हणेल, माझे कॉल ठरलेले असतात. असतीलही. म्हणून कॅलेंडर उघडूनच बसायचं. नुसतं ऐकायचं असतं असे कॉल कोणते आणि ज्यांत त्याला खरोखर बोलायचं असतं असे कोणते, हे वेगळं काढलंत की मोकळे तास दिसायला लागतात. नुसतं ऐकायचे कॉल हेडफोन लावून टेबलावर सहज होतात. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली म्हणून कुठल्या क्लायंटने करार मोडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणि तुम्ही आत असताना बाहेर जे होईल ते होऊ द्या. ही माझी सगळ्यात अवघड सूचना आहे. मुलीचा एखादा वर्ग बुडेल. तिचे केस विंचरायचे राहतील. ती दारावर थाप मारेल आणि तो ‘आई कामात आहे’ म्हणायला थोडा उशीर करेल. तुम्ही उठून दार उघडलंत की करार संपला. पहिला आठवडा असाच जाईल. दुसऱ्या आठवड्यात तो आपल्या पद्धतीने काहीतरी बसवेल. ती तुमच्या पद्धतीपेक्षा वेगळी असेल आणि तुम्हाला खटकेल. खटकू द्या.

त्या अडीच तासांत ईमेल नको, फोन नको, फक्त ज्याला सलग डोकं लागतं ते काम. ईमेल टेबलावरून होतात. तिथे तुकड्या-तुकड्यांनी होणारंच काम ठेवायचं.

मुलीबद्दल थोडं. आठ वर्षांचं मूल पुन्हा पुन्हा येतं त्याचं एक मोठं कारण म्हणजे आई मोकळी कधी होणार, हे त्याला कळत नाही. लॅपटॉप उघडा म्हणजे काम, पण त्यावर तर आई कधी मामाशीही बोलते. मग खूण ठरवा. हेडफोन कानावर असेल तर थांबायचं, गळ्यात असेल तर यायचं, आणि ही खूण तुम्हीही पाळायची. घड्याळात मोठा काटा कुठे आला की आई उठेल ते तिला दाखवा आणि त्या वेळी खरंच उठा, काम अर्धं असलं तरी. वीस-पंचवीस मिनिटं ती एकटी रमली तर पुष्कळ झालं, तासाची अपेक्षा करू नका. तिच्याही शाळेचं मैदान, मधली सुट्टी, बाकावरची मैत्रीण असं सगळं एका पडद्यात गेलंय. ओरडलात त्याबद्दल दुसऱ्या दिवशी तिला सरळ सांगा, ‘काल मी दमले होते, चूक तुझी नव्हती.’ रात्री एकटीने रडण्यापेक्षा हे बरं, आणि तिलाही काहीतरी कळेल.

आता ऑफिस. घरून काम करण्याची कल्पना १९७० च्या दशकात मूळ धरू लागली ती रस्त्यावरची गर्दी आणि इंधन वाचवण्याच्या विचारातून. पुढे कंपन्यांनी तिचे नियम केले तेव्हा अनेक ठिकाणी अशी अटच असे, की कामाच्या वेळेत मुलांना सांभाळायची दुसरी सोय हवी. म्हणजे ज्यांनी ही पद्धत आखली त्यांनाही मूल मांडीवर घेऊन ताळेबंद जुळवणं शक्य वाटत नव्हतं. आज शाळा बंद, पाळणाघर बंद, मदतीला येणारं कुणी नाही, आणि ऑफिस मात्र लॉकडाऊनच्या आधीइतकंच काम मोजतंय. तुमच्या साहेबांना हे कळत नसेल, कारण तुम्ही सगळं कसंतरी पार पाडताय आणि ते कसंतरी रात्री अकराला होतंय. तुमच्या रात्री त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. आणि साडेअकराला मेल पाठवत राहिलात तर तीच तुमची कामाची वेळ आहे असा समज होणार. रात्री लिहिलेली मेल सकाळी जाईल अशी लावून ठेवता येते, तेवढं तरी करा.

बोलणं लेखी असलेलं चांगलं. असं काही लिहा: ‘सध्या मुलीची शाळा घरून असल्याने मी अमुक ते अमुक वेळ पूर्ण उपलब्ध असेन. तमुक वेळेत मी क्लोजिंगचं काम करेन, तेव्हा फोन घेता येणार नाही, तातडीचं असल्यास मेसेज करावा. संध्याकाळी साडेसातनंतरच्या कामाला दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर देईन. या महिन्यात पुढील तीन कामांपैकी कोणतं आधी हवं ते कृपया कळवावं.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. सगळं होणार नाही हे त्यातून न भांडता सांगता येतं आणि काय मागे ठेवायचं ते ठरवण्याची जबाबदारी जिथे असायला हवी तिथे जाते. सगळेच साहेब समजूतदार नसतात, मला ठाऊक आहे. नोकरी जाण्याची भीती असेल तर उपलब्ध नसण्याच्या वेळा थोड्या कमी करा, पण मेल लिहा.

व्हिडिओ मीटिंगने तुम्ही दमत असाल तर त्यालाही कारण आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यावर लेख लिहिला. इतके चेहरे इतक्या जवळून सतत आपल्याकडे बघताहेत, स्वतःचा चेहरा दिवसभर समोर आहे, जागचं हलता येत नाही, आणि नुसत्या मानेने जे कळलं असतं ते मुद्दाम करून दाखवावं लागतं, अशी चार कारणं त्यांनी मांडली. स्वतःची चौकट लपवायची सोय ॲपमध्ये असते, ती आजच वापरा. जिथे चेहरा दाखवायची गरज नाही तिथे फोनवरूनच बोला, उभ्याने बोला.

न्यूटनचं काय करायचं? केंब्रिज १६६५ मध्ये प्लेगमुळे बंद झालं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, अविवाहित, आईच्या शेतावरच्या घरी राहायला गेलेला. त्या दीड-दोन वर्षांत त्याने मोठं काम केलं यात शंका नाही. पण गुरुत्वाकर्षणाचा पुरा सिद्धांत छापून आला १६८७ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. आणि त्याच्या टेबलाशी येऊन कुणी ‘लिंक उघडत नाही’ म्हणत नव्हतं. दिरांना हे कळवायचं की ग्रुप महिनाभर म्यूट करायचा ते तुम्ही ठरवा. मी म्यूट केला असता.

वार विसरण्याची काळजी करू नका. ब्रिटनमध्ये मागच्या वर्षीच्या लॉकडाऊनमध्ये मानसशास्त्रज्ञ रूथ ऑग्डेन यांनी केलेल्या पाहणीत ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं की वेळ नेहमीसारखी जात नाहीये, कुणाला पळतेय असं वाटत होतं तर कुणाला खिळलीय असं. ऑफिसला जाण्यायेण्याच्या प्रवासाला आपण शिव्या घालायचो, पण त्या प्रवासात आपण घरातून कामात आणि कामातून घरात पोचत होतो. आता पोचायला मध्ये जागाच नाही, एका खुर्चीत सगळं. म्हणून ती जागा हाताने तयार करावी लागते. संध्याकाळी काम थांबवल्यावर लॅपटॉप, चार्जर, वही हे सगळं पिशवीत भरा, पिशवी कपाटात ठेवा, कपडे बदला आणि नियमात बसत असेल तर दहा मिनिटं बाहेर चालून या, नाहीतर जिन्याने खालीवर करा. दिसायला हे पोरकट दिसतं. पण उघडा लॅपटॉप टेबलावर असला की जाता येता बोट लागतंच.

दुसऱ्या वेळी जास्त जड जातंय याचंही तुम्हाला आश्चर्य वाटलं. ध्रुवीय तळांवर महिनोन्‌महिने राहणाऱ्या लोकांबद्दल संशोधकांनी एक निरीक्षण मांडलं होतं, की निम्मा मुक्काम सरल्यावर, शेवट अजून दूर असताना, मन सगळ्यात खचतं. पुढच्या काही अभ्यासांत मात्र तसं आढळलं नाही. पण त्या लोकांना निदान परतीची तारीख ठाऊक असते. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० ला ही महासाथ आहे असं म्हटलं त्याला वर्ष उलटून गेलं आणि निम्मं झालं की पाऊण, हे कुणी सांगू शकत नाही. विलगीकरणावरच्या जुन्या अभ्यासांचा एक आढावा ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फेब्रुवारी २०२० मध्ये आला होता, त्यातही मुदत लांबणं आणि नीट माहिती न मिळणं या दोन गोष्टी मनाला त्रास देणाऱ्यांत होत्या. तेव्हा ‘हे संपलं की’ असं सुरू होणारे बेत सध्या बाजूला ठेवा आणि आठवड्याच्या आत संपेल असं काहीतरी हाताशी ठेवा. एक दिवस असा ठेवा की त्या दिवशी घरात कुणाचाच लॅपटॉप उघडणार नाही. निदान वार तरी कळेल.

पलंगावरचं काम मात्र आजपासून बंद. निद्रानाशावरच्या उपचारांत मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली एक पद्धत अजूनही वापरतात, तिचं सार असं की पलंग झोपेसाठीच ठेवायचा. तिथे बसून आपण रोज हिशेब केले की पाठ टेकली तरी डोकं हिशेबच करत राहतं. सकाळी उठल्यावर थोडा वेळ गच्चीत, बाल्कनीत किंवा निदान उघड्या खिडकीत उजेडात उभ्या राहा. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो आणि शरीराचं घड्याळ त्याच्यावरच लागतं.

सासूबाईंच्या टीव्हीवरून वाद घालू नका. त्या भ्यायल्या आहेत आणि भीती वाटली की माणूस तिच्याकडेच बघत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेनेच मार्च २०२० मध्ये सुचवलं होतं की बातम्या दिवसातून ठरलेल्या वेळी, एकदा-दोनदाच बघाव्यात. ‘आई, आपण दोघी संध्याकाळी सातच्या बातम्या बरोबर बघू’ असं म्हणून पाहा. मधल्या वेळात त्यांना खरं काम हवं, वेळ घालवायला दिलेलं नको. नातीला रोज अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवणं किंवा तिच्याकडून वाचून घेणं हे त्यांच्या नावावर लावून द्या. यात तुमचाही अर्धा तास सुटतो, हे त्यांना सांगायची गरज नाही.

रडायच्या हक्काचं विचारलंत. दुसऱ्याच्या घरातलं दुःख मोठं आहे म्हणून तुमची झोप आपोआप पुरी होत नाही. तुम्ही रडला नाहीत तर त्यांना काही मिळतं असंही नाही. त्यांच्यासाठी काही करता येण्यासारखं असेल, एखादा फोन, औषधं पोचवणं, तर ते करा. अपराधी वाटून घेण्यात जी शक्ती जाते तिचा त्यांना उपयोग नाही. पण एवढं लक्षात ठेवा. उदासी दोन आठवड्यांहून जास्त रोज राहिली, झोप आणि भूक दोन्ही गेली, कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर डॉक्टरांशी बोला. फोनवर आणि व्हिडिओवर सल्ला मिळतो. आणि जगायला नको असं एकदा जरी मनात आलं तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी घरात सांगायचं आणि डॉक्टरांना गाठायचं.

हे सगळं एकदम करायला घेऊ नका, नाहीतर माझं पत्रही भिंतीवरचं वेळापत्रक होईल. या आठवड्यात दोनच गोष्टी: रेघांचा कागद आणि सुट्टीच्या सकाळचं बोलणं. साहेबांची मेल पुढच्या आठवड्यात. बोलणं काय झालं ते मला कळवा. दार मिळालं तर किती तास मिळालं ते लिहा. आणि नवरा ‘नाही जमणार’ म्हणाला, तर कारणासकट त्यालाच लिहायला सांगा, पुढचं उत्तर मी त्याला देईन.

— तुमची ताई